दोन खिशांचा शर्ट: कामावर कसा घालायचा, सुट्टीत कसा

दोन खिशांचा शर्ट अंगात चढवून आरशासमोर उभं राहिलं की बहुतेकांना एकच शंका येते: हा गणवेशासारखा तर दिसत नाही ना? कापडाच्या धंद्यात असल्यामुळे हा प्रश्न मी सतत ऐकतो, आणि नाशिकमध्ये तो रास्तच आहे. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, देवळालीत तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. सातपूर-अंबडला पाळी सुटली की रस्त्यावर कंपनीच्या शर्टांची रांग लागते. एसटीचे चालक-वाहक, रिक्षावाले, सिक्युरिटीवाले हे सगळे छातीवर दोन खिसे घेऊनच दिवसभर आपल्यासमोर असतात. त्यामुळे आपली नजरच तशी तयार झाली आहे.

पण या शंकेपायी शर्टच नाकारणं मला पटत नाही. पुरुषांच्या कपड्यांत इतका कामाचा आणि इतक्या ठिकाणी चालणारा दुसरा शर्ट नाही. फक्त त्याला गणवेशापासून वेगळं काढता आलं पाहिजे. त्यासाठी मी नव्या माणसाला एक हिशोब शिकवतो. गणवेशाच्या खुणा मोजा: छातीवर दोन खिसे, खांद्यावर पट्ट्या, खाकी रंग, शर्टाच्याच रंगाची पँट, कांजी घातलेली कडक इस्त्री, आणि इन करून वर चकचकीत बक्कल. दोन खिसे ही एक खूण झालीच. तिच्या जोडीला आणखी एखादी चालते. तिसरी आली की लोक तुम्हाला पत्ता विचारायला लागतात. खाली जे काही सांगतो ते सगळं या हिशोबावर उभं आहे.

पहिली पायरी: खिसा ओळखा

दुकानात गेल्यावर रंग नंतर बघा, आधी खिसा बघा. दोन खिशांचे शर्ट साधारण तीन घराण्यांचे असतात आणि ते कोणत्या घराण्यातले आहेत हे खिशावरूनच कळतं.

पहिलं घराणं लष्करी. खिशावर चौकोनी किंवा मधे टोक असलेला फ्लॅप, म्हणजे खिशाचं झाकण, त्याला बटण, आणि खिशाच्या मधोमध उभी चुणी, म्हणजे बॉक्स प्लीट. ही चुणी शोभेची नाही. खिशात काही ठेवलं की ती उघडते आणि खिसा फुगायला जागा मिळते. खाकीचा इतिहासही आपल्याच उपखंडातला आहे. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीने ती आधी अंगावर घेतली, मग ती साऱ्या ब्रिटिश फौजेत पसरली. पुढे त्याच सैनिकी कपड्यातून सफारी निघाली. १९७०च्या दशकातल्या लग्नाच्या अल्बममध्ये काका-मामांच्या अंगावर जो सफारी सूट दिसतो, तो याच घराण्यातला.

दुसरं घराणं काऊबॉयचं. फ्लॅपला करवतीसारखी दोन टोकं, खांद्यावर टोकदार योक, म्हणजे वेगळा जोडलेला कापडाचा तुकडा, आणि बटणांऐवजी टिचबटणं. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९४६ साली जॅक वाइल यांनी रॉकमाउंट ही कंपनी काढली आणि अशा शर्टांना टिचबटणं लावायची पद्धत रूढ केली. शर्ट कशात अडकला तर फाटण्याऐवजी झटक्यात उघडावा, हा त्यातला उपयोग. डेनिमचे बहुतेक दोन खिशांचे शर्ट या वळणाचे असतात.

तिसरं घराणं कामगारांचं. साधे, बिनफ्लॅपचे किंवा लहान फ्लॅपचे खिसे, कडेला पेन सरकवायची चीर, दुहेरी किंवा तिहेरी शिलाई. यात दिखाऊपणा सगळ्यात कमी.

नव्या माणसाने सुरुवात या तिसऱ्या घराण्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. बिनफ्लॅपचे दोन साधे खिसे ऑफिसात खटकत नाहीत आणि सुट्टीतही चालतात. फ्लॅपवाला लष्करी शर्ट दुसरा घ्या. काऊबॉयचा तिसरा, तोही फक्त सुट्टीसाठी.

खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट मात्र पहिल्या खरेदीत घेऊच नका. दोन खिसे आणि दोन पट्ट्या या खुणांची बेरीज आधीच भरलेली असते, रंगाला जागाच उरत नाही. आणि लष्करी छापाच्या कापडाच्या तर वाटेलाही जाऊ नये. १५ जानेवारी २०२२च्या लष्कर दिनी सैन्याने नव्या छापाचा लढाऊ गणवेश समोर आणला, त्याची खुल्या बाजारात विक्री चालत नाही. देवळाली कॅम्प ज्या गावाच्या शेजारी आहे, तिथे तर तो हौसेने घालायचा कपडाच नाही.

दुसरी पायरी: माप

एका खिशाच्या शर्टात मापाची थोडी चूक खपून जाते. दोन खिशांच्या शर्टात ती दुप्पट दिसते, कारण डोळा आपोआप दोन्ही खिशांची तुलना करतो. म्हणून ट्रायल रूममध्ये घाई करू नका.

आधी खांदा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला हवी. ती दंडाकडे उतरली की खिसेही काखेकडे सरकतात आणि माणूस थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा वाटतो. छाती, उंची, बाही हे सगळं मास्तर दुरुस्त करू शकतो, पण खांदा दुरुस्त करणं म्हणजे शर्ट निम्मा उसवणं. खांदा बसत नसेल तर कितीही आवडला तरी शर्ट परत ठेवा.

मग छाती. तुमची छाती ४० इंच असेल तर तयार शर्टाचा घेर साधारण ४४ इंच हवा. आत टी-शर्ट घालून वर जाकिटासारखा उघडा घालायचा असेल तर आणखी दोन इंच. बटणं लावून दोन्ही हात समोर आणा, बुलेटचं हँडल धरल्यासारखे. दोन बटणांमध्ये फट पडली किंवा खिशांची तोंडं उघडी पडली तर शर्ट लहान आहे. हे खिशाच्या तोंडाचं लक्षण फार उपयोगी पडतं, कारण छातीवर ताण आला की सगळ्यात आधी तेच बोलतं.

आता खिसा कुठे आहे ते बघा. खिशाचं तोंड काखेच्या रेषेच्या जरा वर असावं. मोजायचंच असेल तर गळ्याजवळच्या खांद्याच्या टोकापासून साधारण ८ इंच खाली. खिसे यापेक्षा फार खाली असले की छाती ओघळल्यासारखी दिसते आणि उंची कमी वाटते. ४० नंबरच्या शर्टाला खिसा पावणेपाच ते पाच इंच रुंद शोभतो. ३८ नंबरला साडेचारच पुरे. रेडिमेडमध्ये बऱ्याचदा सगळ्या मापांना एकच खिसा लावलेला असतो, त्यामुळे बारीक माणसाच्या छातीवर खिशांशिवाय काही उरतच नाही. हाताची मूठ दोन खिशांच्या मधे ठेवून बघा, ती सहज बसली पाहिजे.

अंगकाठीप्रमाणे निवड बदलते. बारीक, अरुंद छातीच्या मुलांना फ्लॅप आणि चुणीचे खिसे फार छान दिसतात, छातीला भराव येतो. भरलेल्या छातीच्या किंवा पोट असलेल्या माणसांनी बिनफ्लॅपचे, शर्टाच्याच कापडाचे, सपाट खिसे घ्यावेत. खिसा वेगळ्या रंगाचा असेल तर तो ज्या जागी आहे तिथेच सगळ्यांची नजर जाते, हे लक्षात ठेवा. बुटक्या माणसांनी असे रंगीत खिसे टाळावेत, शरीर आडवं कापल्यासारखं दिसतं.

शेवटी उंची. इन करायचा शर्ट ४० नंबरला ३० ते ३१ इंच लागतो, त्याहून आखूड असेल तर बाइकवर बसताना मागून निघतो. बाहेर सोडायचा असेल तर २८-२९ पुरे, खालची कड पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत यावी. दोन्ही हात वर करा. पोट दिसलं तर आखूड. खालची कड सरळ कापलेली असेल तर तो बाहेर सोडायचाच शर्ट. कड गोलाईची आणि पुढे-मागे लांब जीभ असेल तर तो इन करण्यासाठी बेतलेला आहे.

तिसरी पायरी: नाशिकच्या हवेला कापड

आपली हवा कपड्यांच्या बाबतीत उदार आहे. मुंबईसारखी घामट नाही, हिवाळा खरा हिवाळा असतो, आणि शेजारच्या निफाडला तर पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली उतरतो. म्हणजे उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि थंडीचा असे तिन्ही शर्ट इथे वापरून होतात.

मार्च ते मे मध्ये लिनन, खादी किंवा पातळ शॅम्ब्रे. दोन खिशांचा अर्थ छातीवर कापडाचे दोन थर, फ्लॅप असेल तर तिथे तीन-चार थर. दुपारी शालिमारच्या सिग्नलला बाइक थांबली की घाम पहिल्यांदा खिशांखालीच साचतो. म्हणून उन्हाळ्यात फ्लॅपवाले जाड शर्ट कपाटात राहू द्या.

शॅम्ब्रे आणि डेनिम दुकानात सारखेच वाटतात, पण ओळखणं सोपं आहे. कापड उलटं करा. शॅम्ब्रे साध्या विणीचं असतं, उलट-सुलट जवळपास सारखंच दिसतं. डेनिमला तिरप्या रेषा असतात आणि आतली बाजू पांढुरकी असते. शॅम्ब्रे हवा खेळवतं, डेनिम ऊब धरतं. वर्षभर वापरायचा निळा शर्ट हवा असेल तर शॅम्ब्रे घ्या.

पावसाळ्यात जाड डेनिम आणि कॉर्डरॉय नकोच. एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही, आणि सगळ्यात शेवटी वाळतो तो खिशाचा दुमडलेला काठ. तिथेच कुबट वास धरतो. या दिवसांत पातळ पॉपलिन किंवा थोडं पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड बरं, निदान त्र्यंबकहून भिजून आलात तर रात्रभर पंख्याखाली वाळतं.

थंडीत खरी मजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फ्लॅनेल, कॉर्डरॉय, जाड ट्विल, आणि आत टी-शर्ट घालून वरून उघडा सोडायचा ओव्हरशर्ट. साध्या शर्टिंगचं वजन साधारण १०० ते १४० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, असतं, ओव्हरशर्टचं २००च्या पुढे. लेबलवर आकडा नसेल तर कापडाखाली पंजा धरा. बोटं स्पष्ट दिसली तर उन्हाळ्याचं, नुसती सावली दिसली तर बारमाही, काहीच दिसलं नाही तर थंडीचं.

चौथी पायरी: रंग आणि पँट

पहिला शर्ट आकाशी किंवा ऑफ-व्हाइट. दुसरा ऑलिव्ह किंवा गडद निळा. या दोहोंवर वर्ष निघतं.

आकाशीवर नेव्ही किंवा राखाडी चिनो, म्हणजे साधी सुती पँट, ऑफिसला, गडद जीन्स सुट्टीला. ऑफ-व्हाइटवर तपकिरी किंवा ऑलिव्ह पँट, हा माझा सगळ्यात आवडता जोड. ऑलिव्ह शर्टावर क्रीम किंवा काळी. गडद निळ्यावर बिस्किटी. खाकी शर्ट घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्याच्या खाली निळी जीन्स किंवा पांढरी पँट घाला आणि शर्ट बाहेर सोडा. खाकीवर खाकी किंवा तपकिरी पँट घालून इन केलात तर त्र्यंबक रोडवर कोणीतरी नमस्कार ठोकेलच. पांढऱ्यावर पांढरी पँटही टाळा, आपल्याकडे ती ड्रायव्हरच्या गणवेशाची किंवा पुढाऱ्यांची ओळख झाली आहे.

डेनिम शर्टावर डेनिम पँट घालायची असेल तर दोन्हींच्या छटेत ठळक फरक ठेवा: शर्ट फिकट, पँट गडद. कार्गो पँट मात्र या शर्टाबरोबर नकोच. वर दोन खिसे, खाली सहा, बघणाऱ्याची नजर टेकायला जागा राहत नाही.

चेक्सचा शर्ट घेताना खिशाची चौकट अंगाच्या चौकटीशी जुळते का ते बघा. चांगल्या शिलाईत खिसा लावलेलाच कळत नाही, रेघ खिशावरून तशीच पुढे जाते. काही शर्टांत खिसा मुद्दाम तिरपा कापलेला असतो, तेही चांगलं दिसतं. पण रेघ अर्धा इंच चुकलेली असेल तर ती शिवणाऱ्याची घाई आहे, आणि अशा शर्टाची बाकीची शिलाईही तपासून बघा.

पाचवी पायरी: कामावर

तुमचं काम कुठलं यावर सगळं अवलंबून आहे. बँकेत, कोर्टात, मुलाखतीला किंवा मोठ्या ग्राहकासमोर प्रेझेंटेशन असेल त्या दिवशी दोन खिशांचा शर्ट नको. हा मुळात अनौपचारिक कपडा आहे. त्यावर टाय लावू नका, आणि ब्लेझर घातलाच तर आत फ्लॅप नसलेलाच शर्ट हवा, नाहीतर ब्लेझरच्या छातीवर दोन उंचवटे दिसतात.

रोजच्या ऑफिसला, मग ते आयटीचं असो, शाळा-कॉलेजातलं असो की गंगापूर रोडवरचं आर्किटेक्टचं, बिनफ्लॅपचा आकाशी किंवा ऑफ-व्हाइट शर्ट इन करून घाला. खाली चिनो, दीड इंचाच्या आतला साधा तपकिरी पट्टा, लहान बक्कल, तपकिरी डर्बी (लेसचे बूट) किंवा लोफर (बिनलेसचे). इस्त्री हवी, कांजी नको. आतला बनियन पांढऱ्याऐवजी राखाडी किंवा अंगाच्या रंगाचा घेतला तर फिकट शर्टातून तो दिसत नाही.

आयकार्डाकडे लक्ष द्या. गळ्यातली पट्टी दोन खिशांच्या मधे लोंबकळते तेव्हा छातीवर तीन वस्तू होतात आणि तुम्ही कंपनीच्या गेटवर उभे असल्यासारखे वाटता. क्लिपचं कार्ड घ्या आणि पट्ट्याला लावा. कंपनीचा नियम गळ्यातच घालायचा असेल तर निदान त्या दिवसांत फ्लॅपवाला शर्ट टाळा.

एमआयडीसीत शॉप फ्लोअरवर जाणाऱ्या इंजिनिअर मित्रांना थोडं वेगळं सांगायचं आहे. तिथे कपड्याची पहिली अट सुरक्षितता. फिरत्या मशीनजवळ बाहेर सोडलेला शर्ट आणि सैल बाही धोक्याची. शर्ट इन करा, कफची बटणं लावा, किंवा कंपनी परवानगी देत असेल तर अर्ध्या बाहीचाच घाला. वाकल्यावर खिशातलं पेन मशीनमध्ये पडू नये म्हणून इथे फ्लॅप आणि बटण खरंच उपयोगी आहे. रंगकाम किंवा फिनिशिंगच्या विभागात धातूची टिचबटणं नकोत, पृष्ठभागाला चरा पडतो. आणि कंपनीचा गणवेश राखाडी असेल तर स्वतःचा राखाडी शर्ट विकत घेऊ नका.

शुक्रवारी मोकळीक असेल तर त्या दिवशी फ्लॅपवाला ऑलिव्ह शर्ट काढा. इन न करता, सरळ कडेचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. बाही दुमडताना आधी कफ पूर्ण उलटा करा, मग त्याच रुंदीची आणखी एक घडी घाला, कोपराच्या खाली थांबा. दंडापर्यंत चढवलेली बाही सुटते आणि दिवसभर ओढत बसावी लागते.

खिशात काय ठेवायचं

दोन खिसे आहेत म्हणून दोन्ही भरायचे नाहीत. खिसा जितका सपाट तितका शर्ट देखणा. डाव्या खिशात एक पेन, पाहिजे तर दुमडलेला कागद. उजवा रिकामा.

मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवू नका. आजच्या फोनचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास असतं. एका बाजूला एवढं वजन लटकलं की कॉलर त्या बाजूला ओढली जाते, बटणपट्टी तिरकी होते, आणि महिन्याभरात खिशाचा वरचा कोपरा उसवायला लागतो. शिवाय वाकलात की फोन खाली. फोनची जागा पँटच्या खिशात.

फ्लॅपला बटण असेल तर एकतर दोन्ही बटणं लावा किंवा दोन्ही उघडी ठेवा. एक लावलेलं आणि एक उघडं म्हणजे विसरल्यासारखं दिसतं. फ्लॅप खिशाच्या आत खोचू नका, घडी कायमची पडते. पेनाला फ्लॅपमध्ये चीर असेल तरच ते बाहेर डोकावू द्या, नाहीतर फ्लॅप एका बाजूने उचललेला राहतो.

सहावी पायरी: शनिवार-रविवार

सुट्टीत या शर्टाला मोकळं सोडा. बटणं उघडी, आत साधा पांढरा किंवा राखाडी टी-शर्ट, खाली जीन्स, पायात पांढरे कॅनव्हास बूट. टी-शर्टवर मोठं चित्र किंवा अक्षरं नकोत, कारण उघड्या शर्टाच्या दोन खिशांमधून ते अर्धवट दिसतं. टी-शर्टची कड शर्टाच्या खाली लोंबणार नाही एवढं बघा.

रविवारी सकाळी मिसळीला जाणार असाल, आणि नाशकात जाणारच, तर गडद चेक्स किंवा नेव्ही घाला. रस्सा उडतो तो छातीवर, आणि खिशाच्या शिवणीत शिरलेला तर्रीचा डाग काढणं हे साध्या कापडावरच्या डागापेक्षा अवघड आहे. उडालाच तर चोळू नका. कागदाने तेल टिपून घ्या, घरी आल्यावर त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर भुरभुरून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांडी घासायचं लिक्विड लावून गार पाण्याने धुवा. हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल होतो, तेव्हा घाबरू नका. हळदीचा तो गुणच आहे, साबणातल्या क्षाराने तिचा रंग बदलतो. नीट खळबळून शर्ट ओला असतानाच कडक उन्हात वाळत घाला. उन्हात हळदीचा रंग विरत जातो, एक-दोन धुण्यांत डाग निघतो.

डिसेंबरात पहाटे पांडवलेणी चढायला किंवा अंजनेरीला जाणार असाल तर फ्लॅनेलचा किंवा जाड ट्विलचा ओव्हरशर्ट घ्या. चढताना गरम झालं की काढून कमरेला बांधता येतो. इथे बटणाचे खिसे सोन्यासारखे: गाडीची किल्ली आणि नोटा आत टाकून बटण लावलं की विसरून जायचं. माकडांच्या वाटेवर हातात काही नसलेलं बरं.

द्राक्षबागेत, गंगापूर धरणाकडे किंवा संध्याकाळी कॉलेज रोडला मित्रांबरोबर बसायला ऑफ-व्हाइट लिननचा दोन खिशांचा शर्ट, बाह्या दुमडून, खाली तपकिरी पँट आणि पायात कोल्हापुरी. लिननला सुरकुत्या पडणारच, त्या पडू द्या. या कापडाला तेच शोभतं. काळा गॉगल लावायचा तर नाकावर लावा, काढल्यावर खिशाच्या फ्लॅपला अडकवू नका, काठ ढिला पडतो.

लग्नाला, साखरपुड्याला किंवा घरच्या पूजेला हा शर्ट नको. तिथे कुर्ता किंवा साधा एका खिशाचा शर्टच बरा दिसतो.

शिवून घ्यायचा असेल तर

मेन रोड, रविवार कारंजा भागात कापड घेऊन ओळखीच्या मास्तरांकडे शिवून घेणं हा आजही उत्तम मार्ग आहे, विशेषतः ज्यांची छाती आणि पोट वेगवेगळ्या नंबरात बसतात त्यांच्यासाठी. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर ४० नंबरच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर लागतं. ३६ इंच पन्ह्याला अडीच मीटर धरा. दोन खिसे, फ्लॅप आणि चेक्स जुळवणी हवी असेल तर वर पाव मीटर जास्त घ्या. खादी असेल तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ती आटते, आणि शिवल्यावर आटली की खिसा आणि अंग वेगवेगळे ओढले जातात.

मास्तरांना तोंडी 'दोन खिसे टाका' एवढंच सांगून येऊ नका. तसं सांगितलं की बहुतेक मास्तर सफारीचा खिसा लावतात, कारण त्यांच्या हाताला तोच बसलेला आहे. आवडता शर्ट सोबत न्या, आणि बोलणं स्पष्ट असू द्या:

"मास्तर, खिसा पावणेपाच रुंद, साडेपाच उंच. चुणी नको. फ्लॅप मधे दोन इंच, त्यात ताठपणासाठी घालतात ते बकरम कडक नको, मऊ घाला. आणि फ्लॅप खिशापेक्षा सुतभर रुंद ठेवा."

"खिसे पहिल्या ट्रायलला लावू का नंतर?"

"नंतर. ट्रायलला टाचण्या लावून बघू."

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. खिशाची जागा टेबलावर ठरत नाही, अंगावर ठरते. कच्ची शिलाई अंगात घालून, कागदाचे किंवा कापडाचे खिसे टाचून, चार पावलं मागे जाऊन आरशात बघा. अर्धा इंच वर-खाली केल्याने माणूस बदलतो, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. आणि मुंढ्याचा, म्हणजे बाही अंगाला जोडतात तिथला, घेर फार सैल ठेवू देऊ नका. मुंढा खोल असला की हात उचलताच सगळा शर्ट वर येतो, खिशांसकट.

धुणं, इस्त्री, दुरुस्ती

धुण्याआधी दोन्ही खिसे उलटे करून कोपऱ्यातला कचरा झटका. तिकीट, पावती किंवा पेन राहिलं की शर्ट गेलाच. फ्लॅपची बटणं उघडी ठेवा, लावलेली असली तर मशीनच्या पिळानं काजावर ताण येतो. गडद शर्ट उलटा करून धुवा आणि सावलीत वाळवा. नवा गडद निळा किंवा डेनिम पहिल्या दोन-तीन वेळा वेगळाच धुवा, रंग जातो.

इस्त्रीवाल्याला एक सूचना आवर्जून द्या. तो घाईत फ्लॅपचं बटण लावूनच वरून इस्त्री फिरवतो, मग फ्लॅपवर बटणाचा गोल ठसा उठतो आणि गडद कापडावर तिथे चकाकी येते. ती चकाकी निघत नाही. घरी करत असाल तर फ्लॅप उघडा, खिसा कडांकडून मध्याकडे दाबा, म्हणजे शिवणीजवळ चुणी पडत नाही. मग फ्लॅप आतल्या बाजूने दाबून खाली घ्या. बटण शेवटी, इस्त्री बाजूला ठेवल्यावर लावा. लिनन आणि खादी अर्धवट ओली असतानाच इस्त्री करा.

हे शर्ट सगळ्यात आधी खिशाच्या वरच्या कोपऱ्यांवर हार मानतात. विकत घेतल्याबरोबर ते चारही कोपरे बघा. तिथे लहान त्रिकोणी शिलाई किंवा आडवा पक्का टाका असला पाहिजे. नसेल तर नवा असतानाच मास्तरांकडून मारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. उसवल्यावर शिवलं तर कापडाला भोक पडलेलं असतं आणि मागून ठिगळ लावावं लागतं. तीन-चार वर्षांनी कॉलरची घडी झिजते, तेव्हा शर्ट टाकू नका. जुने मास्तर कॉलर उसवून उलटी लावून देतात, झिजलेली बाजू खाली जाते. त्याच वेळी पूर्ण बाहीची अर्धी बाही करून घ्या, आणि बाहीतून उरलेलं कापड जपून ठेवा. खिसा फाटला तर त्याच रंगाचं, तितकंच धुतलेलं कापड दुसरीकडे कुठे मिळत नाही.